घराण्यातला कर्करोग : चौकशी कशी करावी?

'कर्करोग आनुवंशिक असतो काय?' हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असते. वस्तुस्थिती अशी आहे की, शंभर कर्करोग्यांपैकी सुमारे ५ ते १० जणांच्या रोगामागे आईकडून वा वडिलांकडून आलेला एखादा जनुकदोष असतो. बाकीच्यांच्या बाबतीत वाढते वय, तंबाखू, काही विषाणू, आहारविहार आणि पुष्कळसा योगायोग. तेव्हा आपले घर या पाच-दहांत मोडते की काय, हे कशावरून ताडावे, असा प्रश्न केला पाहिजे. ते ताडण्याचे पहिले साधन घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या स्मरणात असते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

या साधनाचे सामर्थ्य अमेरिकेतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने दाखवून दिले. १८९५ साली मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्राचे अध्यापक ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याजवळ तिने आपली भीती बोलून दाखविली : आमच्या घरची माणसे कर्करोगानेच जातात, मीही तशीच जाणार. बाई धडधाकट होती. दुसऱ्या कोणी तिची समजूत घालून विषय संपविला असता. वॉर्थिन यांनी तिच्या कुळाची वंशावळ मांडायला घेतली. १९१३ मध्ये त्यांनी ती 'जी घराणे' या नावाने प्रसिद्ध केली. आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कर्करोगाने मेले होते किंवा त्यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. बहुतेकांचा रोग गर्भाशयाचा वा जठराचा. ती बाई खरोखरच अकाली, गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. पुढे नेब्रास्कातील डॉक्टर हेन्री लिंच यांनी अशीच इतर घराणी शोधली व १९७१ मध्ये 'जी' घराण्याचा इतिहास नव्याने मांडला. २००० साली त्या घराण्यातला नेमका दोष सापडला. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल उतरते, त्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारे जे जनुक, तेच बिघडलेले होते. शिवणकाम करणाऱ्या बाईचे अनुमान प्रयोगशाळेत खरे ठरायला १०५ वर्षे लागली!

वारसा रोगाचा मिळत नाही, रोगाकडे झुकण्याचा मिळतो, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. त्यांतली एक सदोष असेल, तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा. हा हिशेब प्रत्येक मुलासाठी नव्याने मांडायचा. थोरलीला मिळाली म्हणून धाकटी सुटली, असे होत नाही.

आता आपण सर्वत्र जी चूक करतो तिच्याकडे वळू. मुलीला स्तनाचा कर्करोग झाला की आई, आजी, मावशी यांची चौकशी होते. आत्याला कोणी विचारीत नाही! 'बायकांचा रोग बायकांकडून यायचा' अशी आपली समजूत. स्तन आणि अंडाशय यांच्या कर्करोगाशी निगडित असलेली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके १९९४-९५ मध्ये हाती आली. ती वडिलांकडूनही तितक्याच सहजपणे येतात. बीआरसीए-१ सदोष असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शंभरांत साठ-सत्तर इतका असतो. तोच दोष बाळगणारा तिचा बाप बहुधा आयुष्यभर ठणठणीत राहतो. शिवाय आत्याचे आडनाव लग्नानंतर बदललेले, आतेबहिणीचे पुन्हा तिसरेच. एकाच घराण्याच्या तीन बायका तीन आडनावांनी तीन गावांत आजारी पडतात, आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. वडिलांना बहीणच नसेल, तर दोष एक पिढी मुकाट्याने उतरतो. अशा घराला 'आमच्याकडे कोणालाच नव्हता' असे म्हणण्याचा अधिकार कितीसा?

वंशावळ मांडताना तीन पिढ्या, दोन्ही बाजू घ्याव्यात. प्रत्येकापुढे रोग कोणत्या अवयवात सुरू झाला व त्या वेळी वय काय होते, हे लिहावे. मृत्यूचे वय पुरत नाही. निरोगी माणसांचीही नोंद हवी. खरी अडचण नावांची येते. 'आजीला जलोदर झाला होता' एवढेच कळते. पोटात पाणी होण्याची कारणे अनेक, पण अंडाशयाचा कर्करोग हे त्यांतले एक. 'पिशवीचा कॅन्सर' हा शब्द तर फारच फसवा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो, आणि घराण्याचा संशय घेण्याचे तिथे सहसा कारण नसते. गर्भाशयाच्या अस्तराचा मात्र 'जी' घराण्यातल्या दोषाची खूण असू शकतो. बोलण्यात दोन्ही पिशवीचेच! म्हणून ट्रंकेच्या तळाशी इस्पितळाचा जुना कागद असेल, तर तो दहा आठवणींहून मोलाचा.

संशय कधी घ्यावा? पन्नाशीच्या आत रोग झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल, एकाच व्यक्तीला दोन निराळे कर्करोग झाले असतील, पुरुषाला स्तनाचा झाला असेल, किंवा अंडाशयाचा कर्करोग घरात असेल, तर. आतड्याच्या कर्करोगासाठी १९९० च्या सुमारास तज्ज्ञांनी ढोबळ माप ठरविले : जवळचे तीन नातलग, लागोपाठच्या दोन पिढ्या, निदान एकाला पन्नाशीपूर्वी. पुढे हे माप जरा कडक ठरले, पण लक्षात ठेवायला सोपे आहे. उलट बाप आणि काका दोघांनाही तोंडाचा कर्करोग झाला आणि दोघेही एकाच चंचीतून तंबाखू खात होते, तर रक्ताला दोष देण्याआधी चंचीकडे पाहावे.

संशय बळावला तर आनुवंशिकीच्या तज्ज्ञाकडे जावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. रक्ताची तपासणी शक्यतो आजारी माणसापासून सुरू करतात. घरातला दोष आधी कळला, तरच निरोगी बहिणीचे 'नाही' हे खरे 'नाही' ठरते, आणि तिचा धोका चारचौघींइतकाच उरतो. दोष न शोधता आलेले 'नाही' काहीच मिटवीत नाही. आणि 'होय' आले तर? लिंच घराण्यांत दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासून, कर्करोग होण्याआधीच कोंब काढून टाकता येतात. बीआरसीए असलेल्या बायकांना लहान वयापासून स्तनांची तपासणी, आणि मुले झाल्यावर अंडाशय व बीजनलिका काढून घेण्याचा सल्ला देतात.

मुलींची लग्ने अडतील या भयाने पुष्कळ घरे हे झाकून ठेवतात. भय खोटे आहे असे मी म्हणणार नाही; स्थळे मोडतात. पण झाकलेली गोष्ट शेजाऱ्यांपासून जितकी लपते, तितकीच ती त्या मुलीपासूनही लपते, आणि तिशीत लागलेली गाठ ती 'दुधाची असेल' म्हणून अंगावर काढते. वंशावळ वर्तमानपत्रात छापायची नाही. ती आतेबहिणीला एका पत्राने कळवता येते.