जुन्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर : बिघाड कसा ओळखावा?

पहाटे दुधाचे कॅन लावून निघावे आणि गाडी नेमकी तेव्हाच अडावी, हा अनुभव अनेकांचा आहे. अशा वेळी किका मारत बसण्यापेक्षा लक्षणे पाहावीत. चोक सोडताच गाडी बंद पडत असेल तर बहुधा स्लो जेट तुंबलेला असतो. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो किंवा फ्लोट फुटलेला असतो. पोकळ फ्लोट काढून कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो बदलावाच.

हे काम इंजिन थंड असताना, कॉक बंद करून, उघड्यावर करावे. जवळ बिडी नको! जेटमध्ये तार घालू नये. पितळेचे छिद्र मोठे झाले की पेट्रोल जास्त जाते, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घटते. जेट काढून पंपाने हवा मारावी.

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे. ते पाणी शोषते. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर फ्लोट बाऊलच्या तळाशी पाणी साठू शकते. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून ते काढावे. गाडी उभी ठेवण्यापूर्वी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे.