अरे, अहो आणि मिस्टर टिब्ज

मिसिसिपीतल्या स्पार्टा गावाचं रेल्वे स्टेशन. मध्यरात्र उलटून गेलेली. गाडीची वाट पाहत एक सुटाबुटातला काळा माणूस बसलाय. पोलीस येतो, ‘बॉय’ म्हणून त्याला उठवतो, भिंतीला टेकवून झडती घेतो. गावात नुकताच शिकागोच्या एका उद्योगपतीचा खून झालाय. परका काळा माणूस आणि त्याच्या पाकिटात पैसे, तेवढा पुरावा पोलिसांना पुरतो. ठाण्यात गेल्यावर कळतं की हे व्हर्जिल टिब्ज, फिलाडेल्फियाचे पोलीस अधिकारी. पगार आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट. गोऱ्या ठाणेप्रमुखाला, गिलेस्पीला, तेवढे महिन्यातही मिळत नाहीत.

दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसनचा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७) हा सिनेमा इथून पुढे सरकतो. रहस्यकथा म्हणून तो बेताचाच. खुनी कोण हे पाहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. आठवतं ते एक वाक्य. तुला तिकडे काय म्हणतात रे, असं गिलेस्पी कुत्सितपणे विचारतो आणि टिब्ज झालेला सिडनी पॉइटिए दात आवळून सांगतो, ‘मिस्टर टिब्ज’ म्हणतात.

अरे-तुरेतला अपमान मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘यू’ सगळ्यांना एकच, म्हणून मानाचा सगळा भार ‘मिस्टर’ आणि ‘मिस’वर. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना नेमका तोच नाकारला जाई. १९६३ साली अलाबामातल्या कोर्टात सरकारी वकिलानं मेरी हॅमिल्टन या काळ्या कार्यकर्तीला नुसतं ‘मेरी’ म्हटलं. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं तिनं बजावलं. कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड झाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला.

पॉइटिएनं मिसिसिपीत चित्रीकरणाला साफ नकार दिला होता. १९६४ मध्ये गायक हॅरी बेलाफॉन्टेबरोबर काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीसाठी रोकड घेऊन तो तिथल्या ग्रीनवुडला गेला होता, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या टोळीतल्या लोकांनी त्यांचा पाठलाग केला होता. म्हणून सिनेमातलं स्पार्टा उभं राहिलं ते इलिनॉयमधल्या स्पार्टा गावात. कापसाच्या मळ्यासाठी थोडे दिवस टेनेसीत जावंच लागलं. तिथे तो उशीखाली पिस्तूल ठेवून झोपायचा म्हणतात.

मळेवाला एंडिकॉट टिब्जना काचघरात, ऑर्किडच्या कुंड्यांमध्ये भेटतो. प्रश्न झोंबतो तसा तो टिब्जच्या थोबाडीत मारतो. क्षणही जात नाही, टिब्जची उलटी चपराक बसते. शेजारी ट्रे घेऊन उभा असलेला काळा नोकर जागच्या जागी थिजतो. मला चपराकीपेक्षा त्या नोकराचा चेहरा जास्त बोलका वाटतो. आणि तो चेहरा स्पष्ट दिसतो, याचं श्रेय छायालेखक हॅस्केल वेक्सलरचं. काळ्या त्वचेवर प्रकाश चकाकून चेहरेपट्टी हरवू नये, एवढा विचार तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये कोण करत होतं?

शेवटी गिलेस्पी टिब्जची बॅग स्वतः उचलून स्टेशनपर्यंत येतो. निरोप देतानाची हाक मात्र ‘व्हर्जिल’च. दिग्दर्शकाचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

८ एप्रिल १९६८ ला ऑस्कर सोहळा ठरला होता. ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि सोहळा दोन दिवस पुढे गेला. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच पुरस्कार मिळाले. अभिनयाचा गेला गिलेस्पी झालेल्या रॉड स्टायगरला. पॉइटिएला साधं नामांकनही नव्हतं.