आरमारी कमांडोंचें कापडी चिन्ह

शाळेचा बिल्ला आम्ही कित्येकदां घरीं विसरून येतों. त्यावांचून आमचें कांहीं अडत नाहीं. परंतु युद्धांत बोटभर कापडावर माणसाचा जीव अवलंबून असूं शकतो, हें आरमारी कमांडोंची हकीकत वाचतांना आमच्या ध्यानांत आलें.

ब्रिटननें १९४० सालीं कमांडो पथकें उभारलीं. आरमार, भूसेना व विमानदल यांनीं मिळून शत्रूच्या किनाऱ्यावर छापे घालावे यासाठीं संयुक्त मोहिमांचें एक खातें होतें. १९४१ च्या ऑक्टोबरांत त्याचीं सूत्रें लॉर्ड लुई माउंटबॅटन यांजकडे आलीं. या खात्याचें चिन्ह मोठें बोलकें होतें: गडद निळ्या कापडावर तांबड्या रंगांत नांगर, टॉमी गन आणि गरुड. कोणतें कोणत्या दलाचें हें सांगावयास नकोच. रॉयल मरीन कमांडोंच्या खांद्यावर निळ्या पट्टीवर तांबड्या अक्षरांत पथकाचें नांव व क्रमांकहि असे. यांपैकीं ४४ क्रमांकाचें पथक १९४४ च्या आरंभीं पुण्याजवळ केडगांवास तळ देऊन होतें व पुढें ब्रह्मदेशांत आराकानच्या किनाऱ्यावर लढलें. तेव्हां अशा पट्ट्या आपल्याकडील लोकांच्याहि दृष्टीस पडल्या असतील.

या चिन्हाची खरी कसोटी मात्र फ्रान्समध्यें लागली. ७ डिसेंबर १९४२ च्या रात्रीं ‘टूना’ पाणबुडींतून दहा रॉयल मरीन पांच लहान होड्यांत उतरले. मेजर हॅस्लर हे नायक. गिरोंद खाडींतून रात्रीं वल्हीं मारीत बोर्दो बंदर गांठावयाचें व जहाजांना सुरुंग चिकटवावयाचे, असा बेत होता. काम इतकें गुप्त, तरी प्रत्येकाच्या अंगरख्यावर चिन्हें शिवलेलीं होतीं. कारण, गणवेशांतील शिपाई पकडला गेल्यास युद्धकैदी ठरतो. वेषांतर करून आलेला मात्र हेर ठरून देहदंडास पात्र होतो.

परंतु कमांडो गणवेशांत असोत वा नसोत, शरण आले तरीहि त्यांस ठार करावें, असा गुप्त हुकूम हिटलरनें १८ ऑक्टोबरलाच काढला होता! दोन होड्या बंदरांत पोंचल्या व सुरुंगांनीं कांहीं जहाजें फुटलीं. हॅस्लर व स्पार्क्स हे दोघेच स्पेनमार्गें परतले. दोघे थंड समुद्रांत मृत्यु पावले. उरलेल्या सहांना पकडून ठार करण्यांत आलें.

आरंभीं पकडलेल्या दोघांना गोळ्या घातल्यावर खुद्द जर्मन आरमाराच्या युद्ध-रोजनिशींत नोंद झाली कीं, हें हुकुमास धरून असलें तरी शिपाई गणवेशांत असल्यामुळें आंतरराष्ट्रीय कायद्यांत नवीनच होय. हीच नोंद पुढें न्युरेंबर्गच्या न्यायालयांत अ‍ॅडमिरल रेडर यांचे विरुद्ध पुढें आली, आणि १९४६ च्या निकालपत्रांत ती नमूद आहे.