मीठ सोसणाऱ्या भाताची पारख उन्हातच का?

कापडाच्या धंद्यात जाणकार गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली रंग पसंत करीत नाही, तागा उचलून ओट्यावर आणते. दुकानात मोरपंखी दिसलेला रंग उन्हात निराळाच निघतो. पिकांची परीक्षा घेणाऱ्यांचीही हीच गोष्ट आहे.

पेणच्या खारपट्ट्यात भाताचा वैरी म्हणजे मीठ. उधाणाने बांधाला खांड पडली की खाडीचे पाणी शेतात शिरते आणि पुढच्या हंगामालाही झळ लागते. अशा गावची दिवाळीची उधारी वसूल होत नाही, हे आम्ही व्यापारी जाणतो. तेव्हा बियाण्याची गोष्ट एकट्या शेतकऱ्याची नाही. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल-1', 'पनवेल-2', 'पनवेल-3' या जाती याच जमिनीसाठी काढल्या.

वाण निवडायचे कसे? उघड्या शेतात एका कोपऱ्यात मीठ जास्त, दुसऱ्यात कमी. शिवाय जोराची सर आली की ते धुऊन जाते. मग कोणते रोप स्वतःच्या गुणाने तगले आणि कोणते नशिबाने, हे कळत नाही. म्हणून रोपे काचघरात, मोजून मीठ घातलेल्या पाण्यावर वाढवून पाहतात. छपराने पाऊस अडतो, ऊन आत येते.

हे ऊनच महत्त्वाचे. बंद खोलीत दिव्यांवरही रोपे वाढतात, पण साधे दिवे दुपारच्या उन्हाची बरोबरी करीत नाहीत. कडक उन्हात पानांतून पाणी झपाट्याने उडते, मुळे तेवढे पाणी ओढतात आणि त्याबरोबर मीठही वर चढते. मंद उजेडात रोप पाणी कमी पिते, मीठही कमी चढते आणि नाजूक जात चिवट भासते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1997 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फायटोट्रॉनमध्ये दिव्यांच्या खोल्या आहेत, तशी हरितगृहेही आहेत.

अर्थात काचही थोडे ऊन खाते. शिवाय भात रोपपणी आणि फुलोऱ्यात मिठाला जास्त घाबरते, म्हणजे रोप तगले तरी दाणा भरेलच असे नाही. रोह्याकडे कालव्यावर उन्हाळी भात घेतात. ते ऊन वेगळे, श्रावणातला ढगाळ उजेड वेगळा. एका हंगामाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही, शेवटची परीक्षा शेतातच.

किल्ला-रोहा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. बियाणे घेण्यापूर्वी तेथे एवढे जरूर विचारावे: हे वाण किती खारटपणात, कोणत्या हंगामात आणि कोणत्या गावच्या शेतात तपासले?