आधी टास्क मॅनेजर उघडा, मग पाकीट

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांची ऑफिसं असोत की पालघर-बोईसरमधली टॅक्स सल्लागारांची टेबलं, पाच-सात वर्षांचे लॅपटॉप अजून राबताना दिसतात. ते हँग व्हायला लागले की फुकटचे सल्ले सुरू होतात. त्यातले काही पारखून घेऊ.

गैरसमज १: लॅपटॉप स्लो झाला की रॅम वाढवायची.
वस्तुस्थिती: आधी निदान, मग औषध. टॅली, मोठी एक्सेल शीट, क्रोमचे टॅब असं रोजचं काम चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरी साठ टक्के आणि डिस्क सतत शंभर टक्के दिसली, तर घोडं डिस्कपाशी अडलंय. रॅमवरचे पैसे पाण्यात जातील. मेमरी नव्वदीपार असेल, तर रॅम खरंच कमी पडतेय. दोन्ही आकडे चढलेले दिसले, तर मावेनासा झालेला डेटा विंडोज डिस्कवर ढकलत असण्याची शक्यता मोठी.

गैरसमज २: १ टीबीची हार्ड डिस्क २५६ जीबीच्या एसएसडीपेक्षा सरस.
वस्तुस्थिती: साठवायला सरस, वेगाला नाही. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. हेड सरकायला लागणारा वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेला डेटा सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळाच वाचता येतो. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने हाच आकडा हजारोंत जातो. विंडोज सुरू होताना असंच विखुरलेलं वाचन चालतं, म्हणून एसएसडी बसवताच मिनिटांचं काम सेकंदांवर येतं.

गैरसमज ३: एसएसडी आहे ना, मग ४ जीबी रॅम पुष्कळ झाली.
वस्तुस्थिती: विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे, सुखाने काम करण्याची हमी नव्हे. रॅम भरली की काम एसएसडीवर जातं, आणि एसएसडी कितीही चपळ असली तरी डेटा हाती द्यायला रॅमच्या शेकडो पट वेळ घेते. ऑफिसच्या कामाला ८ जीबी धरून चाला.

गैरसमज ४: रॅम दुप्पट केली की वेगही दुप्पट.
वस्तुस्थिती: काम ५ जीबीत भागत असेल, तर ८ ची १६ करून फारसा फरक जाणवणार नाही.

गैरसमज ५: लोकलमधल्या हादऱ्यांनी डिस्कला काही होत नाही.
वस्तुस्थिती: हार्ड डिस्कचं हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. हादरे बसले की वाचन चुकतं, पुन्हा करावं लागतं. जोराच्या दणक्याने तबकडीवर ओरखडाही उठू शकतो. डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणाऱ्यांना त्यामुळे एसएसडीच सोयीची.

शेवटी खर्चाचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तो असेल तरच जुन्या लॅपटॉपवर पैसे घाला. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तेव्हा ती वाढवता येते का ते आधी विचारा. आणि डिस्क बदलायला देण्यापूर्वी बॅकअप घ्यायला विसरू नका.