इलेक्ट्रिक गाडीचे टायर घरी फिरवताय? करंटला नाही, वजनाला घाबरा

आपल्या पट्ट्यात आज तीन तऱ्हेच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात आणि तिघींच्या टायरांची अदलाबदल करायची रीत वेगळी आहे. रांजणगावला बनणारी टाटाची नेक्सॉन ईव्ही पुढच्या चाकांवर चालते. महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन्ही गाड्यांची मोटर मागे आहे, म्हणजे गाडीला मागची चाकं ढकलतात. पिंपरीच्या, म्हणजे आपल्या जुन्या टेल्कोच्या हॅरियर ईव्हीत साध्या मॉडेलला मागची दोन चाकं जोर लावतात, तर महागड्या मॉडेलला पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर आहेत. त्यामुळे शेजाऱ्याने त्याच्या नेक्सॉनचे टायर जसे फिरवले तसेच तुम्ही तुमच्या बीई ६ चे फिरवले, तर मेहनत होईल पण फायदा अर्धाच मिळेल.

हा विषय घेण्याचं कारण साधं आहे. भोसरी, चिखली, मोशी, चाकण भागात आपल्या अनेक कुटुंबांनी गेल्या दोन-तीन वर्षांत हप्त्यावर इलेक्ट्रिक गाडी घेतली. कुणी घरासाठी, कुणी कंपनीच्या पिकअप-ड्रॉपसाठी. पेट्रोल वाचलं, ऑइल बदलायचं उरलं नाही. मग कळलं की टायर लवकर घासतात. चार नव्या टायरांचं बिल कित्येक घरांच्या महिन्याच्या पगाराएवढं होतं. दोन टायर गोटा झालेत आणि दोन अजून चांगले आहेत, म्हणून चारही बदलावे लागले, तर तो सरळ इस्राफ आहे.

टायर लवकर का घासतात? पहिलं कारण वजन. या गाड्यांच्या फरशीखाली काही शे किलोची बॅटरी असते. दुसरं कारण, पायडल दाबताच मोटर पूर्ण जोर देते. पेट्रोल गाडीसारखी हळूहळू चढत नाही. सिग्नल सुटल्यावर जोरात निघायची सवय असेल तर टायर रस्त्यावर अक्षरशः खरवडला जातो. तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. पेट्रोल गाडीत ब्रेक चारही चाकं वाटून घेतात. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलटी चालून बॅटरी चार्ज करते आणि गाडी हळू होते. ते सगळं ओढणं मोटरच्याच चाकांवर येतं. म्हणजे पळवायचं कामही त्याच दोन चाकांचं आणि थांबवायचं बरंचसं कामही त्यांचंच. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा मोशीच्या टोकाला तासभर निघतो-थांबतो-निघतो असं चाललेलं असतं, तेव्हा ही दोन चाकं दुहेरी ड्युटी करत असतात.

म्हणून साधारण दर आठ ते दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

आधी टायर वाचा

चाक काढण्याआधी प्रत्येक टायर नीट बघा. नक्षीच्या खाचांत मधे मधे रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर राहिली. ही कायद्याचीही हद्द आहे. तिथे अदलाबदल करून काही साधत नाही, टायर बदलायचा. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाल्यावर २०२३ मध्ये आरटीओने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्यांना प्रवेशालाच अडवलं होतं, ते आठवत असेल.

टायर फक्त आतल्या किंवा फक्त बाहेरच्या कडेला घासला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. पुणे-नाशिक रस्त्यावर रोज खड्डे खाणाऱ्या गाडीत हे हमखास सापडतं. अशा गाडीचे टायर नुसते फिरवले तर दुसराही टायर तसाच वाया जातो. आधी अलाइनमेंट करा. मधोमध जास्त घासला तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना घासला तर कमी. आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर तो टायर कुठल्याच जागी लावू नका.

याच भिंतीवर बाण आहे का तेही पाहा. बाण असलेला टायर एकाच दिशेने फिरायला बनवलेला असतो. तो फक्त त्याच बाजूला पुढून मागे आणि मागून पुढे जाऊ शकतो, डावीकडचा उजवीकडे नाही. बाण नसेल आणि चारही टायरांचं माप एकच असेल, तर आडवी अदलाबदल चालते.

मोटर कुठे, त्यावर क्रम

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: जोर लावणारी चाकं सरळ जातात, दुसरी दोन आडवी. नेक्सॉनसारख्या पुढच्या मोटरच्या गाडीत पुढचं डावं चाक मागे डावीकडे, पुढचं उजवं मागे उजवीकडे. मागची दोन मात्र बाजू बदलून पुढे येतात. बीई ६ सारख्या मागच्या मोटरच्या गाडीत हेच उलटं: मागची दोन सरळ पुढे आणि पुढची दोन बाजू बदलून मागे. एमजीची छोटी कॉमेटही मागच्याच चाकांवर चालते, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत साधारणपणे सगळीच आडवी जातात, पण तिथे पुस्तक उघडूनच बघा.

खरा धोका जॅकचा

लोक विचारतात, करंट लागेल का? चाक काढताना मोठ्या व्होल्टेजच्या तारेला हात लागायचा संबंध येत नाही. त्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. दिसल्या तर हात लावायचा नाही, एवढं पुरे. गाडी बंद आणि चार्जरची केबल काढलेली असावी.

भीती आहे ती वजनाची. पेट्रोल गाडीला फरशीखाली चुकीच्या जागी जॅक लावला तर पत्रा दबतो. इलेक्ट्रिक गाडीत तिथे बॅटरीचं खोकं आहे. ते दबलं तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि बॅटरीची किंमत ही गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा हिस्सा असते. जॅक फक्त दरवाज्याखालच्या कडेवर, कंपनीने ठरवून दिलेल्या मजबूत जागीच लावायचा. तिथे कडेला छोट्या खाचा किंवा खूण असते. पुस्तकात चित्र असतं. लोखंडी जॅक आणि कडा यांच्यामध्ये रबरी ठोकळा ठेवा. जॅक दोन-तीन टनाचा, बुटका ट्रॉली जॅक असावा.

जागा सपाट आणि पक्की हवी. सोसायटीच्या उतारावर नाही, पावसाने मऊ झालेल्या मातीवर नाही. पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी टाका. आम्ही म्हणू, फज्रनंतरची वेळ सगळ्यात चांगली: पार्किंग मोकळं असतं, ऊन नसतं आणि टायर थंड असतात, म्हणजे हवेचा आकडाही खरा येतो. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी असते, त्या दिवशी काम आटोपून घ्या.

गाडी ‘पी’ मध्ये टाकून हँडब्रेक लावला की झालं, असं समजू नका. मागच्या मोटरच्या गाडीत ‘पी’ आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांना धरतात. पुढची दोन मोकळीच असतात. मागचं एक चाक उचललं की पकड निम्मी झाली. म्हणून जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. पोरंबाळं, मांजर, चेंडू सगळं लांब. गाडीत कुणी बसलेलं नको.

स्टेपनी असेल तर एका वेळी एकच चाक

घरी करायची आम्हाला पटलेली रीत ही: एका वेळी एकच चाक हवेत. त्यासाठी स्टेपनी लागते. ती बारीक असली तरी चालते, कारण गाडी चालवायची नाही, फक्त उभी करायची आहे.

पुढच्या मोटरची गाडी धरू. पुढच्या डाव्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. मग उचला, चाक काढा, तिथे स्टेपनी लावून गाडी खाली घ्या. काढलेलं चाक मागे डावीकडे लावा. तिथून निघालेलं पुढे उजवीकडे. पुढचं उजवं मागे उजवीकडे. आणि मागचं उजवं शेवटी पुढे डावीकडे, स्टेपनी काढून. पाच वेळा जॅक लावावा लागतो, वेळ जातो, पण गाडी कायम तीन चाकांवर पक्की असते.

मागच्या मोटरच्या गाडीत सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून करा. तिथे स्टेपनी, ते चाक पुढे डावीकडे, पुढचं डावं मागे उजवीकडे, मागचं उजवं पुढे उजवीकडे, पुढचं उजवं शेवटी मागे डावीकडे. खडूने टायरवर आधी नावं लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या चाकाला गोंधळ होतोच.

चाक निघालं की ते आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवायचं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, कुणाच्या पायावर नाही. गाडीखाली हात, डोकं काही घालायचं नाही, एक नट गडगडत आत गेला तरी. तो काठीने ओढून काढा.

नट आधी हाताने, मग पान्याने, समोरासमोरचे असे ताऱ्याच्या क्रमाने आवळा. शेवटचं आवळणं गाडी खाली आल्यावर. पान्यावर उभं राहून नट कसायची आपल्याकडची जुनी सवय सोडा, त्याने स्टड तुटतो. टॉर्क पाना असेल तर पुस्तकातल्या न्यूटन-मीटरच्या आकड्यावर थांबा.

स्टेपनी नसेल तर

सरकारने २०२० मध्ये नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा सेन्सर आणि पंक्चर किट असेल तर गाडीत स्टेपनी देणं सक्तीचं राहिलं नाही. त्यामुळे बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीही नाही आणि जॅकही नाही. अशा गाडीची आडवी अदलाबदल करायला एकापेक्षा जास्त कोपरे एकदम हवेत ठेवावे लागतात. आमचं मत स्पष्ट आहे: हे घरी करू नका. काही शे रुपये देऊन दुकानात करून घ्या, पण गाडी सोडून चहाला जाऊ नका. जॅक किंवा लिफ्टचा हात कुठे लागतोय ते उभं राहून बघा आणि पुस्तकातलं चित्र मेस्त्रीला दाखवा.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या पोरांना टोमणा म्हणून ऐकवला जातो. एप्रिल २०२५ मध्ये वक्फवर बोलताना खुद्द पंतप्रधानांच्या भाषणात मुस्लिम तरुण आणि सायकलचं पंक्चर यांची जोडी आली. या पट्ट्यात टायरचं काम करणाऱ्यांत आपले लोक पुष्कळ आहेत, त्यात लाज कसली? फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने हजारो शेड आणि गोदामं पाडली तेव्हा कित्येकांचा धंदा रस्त्यावर आला. इलेक्ट्रिक गाडीत ऑइल, प्लग, फिल्टरची कामं गेली. टायरचं काम राहिलं, उलट वाढलं. ज्या दुकानात रबरी ठोकळा, टॉर्क पाना आणि बॅटरीच्या जागेची माहिती असेल तिथे गिऱ्हाईक स्वतःहून येईल. तुमच्या ओळखीचा कुणी हे काम करत असेल तर ही माहिती त्याला वाचून दाखवा.

त्याच दुकानात टायर बदलायची वेळ आली तर भिंतीवरचा आणखी एक आकडा तपासा. मापापुढे ९१, ९५, १०० असं लिहिलेलं असतं. तो वजन पेलायची ताकद सांगतो. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००. कंपनीने दिला त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. सेकंडहँड टायर दाखवला तर चार आकड्यांची तारीख बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

अदलाबदल झाली की हवा पुढच्या-मागच्या आकड्यांप्रमाणे पुन्हा भरा, कारण चाकं जागा बदलतात, हवेचे आकडे नाही. काही गाड्यांत हवेच्या सेन्सरला नवी जागा शिकवावी लागते. नाहीतर स्क्रीनवर पुढचं डावं चाक कमी दाखवेल आणि तुम्ही भलत्याच टायरमध्ये हवा भरत बसाल. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा. किलोमीटरचा आकडा आणि तारीख कागदावर लिहून गाडीच्या पुस्तकातच ठेवा.