श्रद्धास्थळांचे संरक्षण आणि शासकीय अनुदान : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : श्रद्धास्थळ, द्वेषमूलक गुन्हे, अनुच्छेद २७, अनुदान, मुळशी

प्रस्तावना
मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातील पौड येथे मंदिरातील अन्नपूर्णा देवीच्या मूर्तीची विटंबना झाल्याची घटना घडली. पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकेची कारवाई केली. त्यानंतर तालुक्यातील काही गावांत, बाहेरगावच्या मुस्लिमांनी स्थानिक मशिदीत नमाजासाठी येऊ नये अशा आशयाचे ठराव झाले व फलक लागले. एका श्रद्धास्थळाच्या असुरक्षिततेतून दुसऱ्या श्रद्धास्थळावर निर्बंध आले. अशा स्थळांच्या संरक्षणाचा खर्च शासनाने उचलावा काय आणि कोणत्या निकषावर, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

घटनात्मक चौकट
विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्च होणारा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २७ सांगतो. मात्र प्रफुल्ल गोराडिया खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने हज अनुदान वैध ठरविताना, कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला गेला तरच या अनुच्छेदाचा भंग होतो, अशी भूमिका घेतली. २००२ च्या दंगलीत नुकसान झालेल्या धार्मिक स्थळांच्या दुरुस्तीचा खर्च गुजरात शासनाने द्यावा, असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो रद्द केला. परंतु कमाल ५० हजार रुपयांपर्यंत सानुग्रह साहाय्य देणारी शासनाची योजना ग्राह्य मानली. तात्पर्य, मर्यादित व सर्व धर्मांना समान असलेल्या साहाय्यास राज्यघटनेची आडकाठी नाही.

प्रचलित तरतुदींची मर्यादा
गुजरातमधील साहाय्य हानीनंतरचे होते. भारतीय न्याय संहितेचे कलम २९८ हेही विटंबना घडल्यानंतरच लागू होते. महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्र विकास योजनांतून रस्ते, भक्तनिवास, पाणी, स्वच्छतागृहे अशा सुविधा होतात; तेथे भाविकांची संख्या महत्त्वाची ठरते, संभाव्य धोका नव्हे. परिणामी गावातील लहान मंदिर, मशीद, विहार वा चर्च या योजनांच्या बाहेर राहते. सांस्कृतिक संस्थाही असुरक्षित आहेत. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेल्या हल्ल्यात ग्रंथ व हस्तलिखितांची हानी झाली. अशी हानी पैशाने भरून निघत नाही; म्हणून खर्च हानीपूर्वी होणे इष्ट.

अन्य देशांतील अनुभव
अमेरिकेत २००५ पासून ना-नफा संस्थांसाठी सुरक्षा अनुदान योजना राबविली जाते. संस्थेने आपला धोका व इमारतीतील उणिवा नमूद करून राज्यामार्फत अर्ज करावयाचा असतो. सिनेगॉग, चर्च, मशीद, गुरुद्वारा व हिंदू मंदिर या सर्वांना ती खुली आहे. २०२३ च्या आर्थिक वर्षात तीसाठी ३० कोटी ५० लाख डॉलरची तरतूद होती. ब्रिटनमध्ये २०१६ पासून प्रार्थनास्थळांना कॅमेरे, कुंपण, गजरयंत्रणा यांसाठी साहाय्य मिळते. दोन्हीकडे निकष धर्म हा नसून धोका हा आहे.

मुळशीसाठी विचार
तहसीन पूनावाला खटल्यात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी जिल्हानिहाय नोडल अधिकारी नेमण्याचे व पूर्वी अशा घटना घडलेली गावे निश्चित करण्याचे निर्देश दिले. हीच पद्धत विस्तारून धोक्याची यादी तयार करता येईल. अनुदानाचा अर्ज एकेका देवस्थानाने स्वतंत्रपणे न करता, २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या धर्तीवर, सर्व समाजांचे सदस्य असलेल्या ग्रामसमितीने करावा. त्यामुळे मंदिराच्या दिव्याचा आणि मशिदीच्या कुंपणाचा विचार एकाच बैठकीत होईल.

समारोप
कॅमेरा परस्परविश्वासाची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, संरक्षणाची जबाबदारी शासनाने निःपक्षपणे स्वीकारली नाही, तर गावे ती आपल्या परीने पार पाडू लागतात आणि तेव्हा संरक्षणाला बहिष्काराचे रूप येते. मुळशीतील घटनाक्रमाचा हाच बोध आहे.